जनुक सापडलं, पण ते करतं काय?

उन्हाळ्याच्या तोंडाला मंडईत पुरंदरच्या अंजिरांच्या पाट्या लागतात. सासवडकडून येणारा हा माल नाजूक. देठापाशी चिरलेलं फळ विकणारी मावशी आधीच बाजूला काढते आणि गिऱ्हाइकाने त्याला हात लावला की म्हणते, "ते नको ताई, उतरलंय ते." दुपारच्या उन्हात उतरलेल्या अंजिराला जो आंबूस, किंचित दारूसारखा वास येतो, त्यात यीस्टचा मोठा वाटा असतो. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या मर्सेड या गावी एमिल म्राक यांनी असल्याच सडक्या अंजिरांतून यीस्टची एक जात वेगळी काढली. पुढे दुसऱ्या जातींशी तिचे संकर झाले आणि त्या वंशातून एस२८८सी नावाची जात तयार झाली. यीस्टच्या जनुकांवर जगभर जे काम चालतं, त्यातलं फार मोठं काम या जातीवर किंवा तिच्या नातलगांवर चालतं. पावाचं यीस्ट आणि हे यीस्ट, दोन्ही एकाच प्रजातीची: सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

१९९६ साली या एस२८८सीचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. ज्यांच्या पेशीत केंद्रक असतं अशा सजीवांपैकी पूर्ण वाचलेला हा पहिलाच. १६ गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं आणि सहा हजारांच्या आसपास जनुकं. वर्तमानपत्रांत तेव्हा जे मथळे आले त्यांचा सूर असा होता, की आता सगळं उलगडलं. मी तेव्हा पुण्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते आणि वर्गात मुलांनीही तेच विचारलं. उलगडलं होतं ते इतकंच, की जनुकं कुठे आहेत. त्यांतल्या हजारो जनुकांपुढे काम म्हणून लिहायला कुणापाशी काहीही नव्हतं. नावाच्या जागी नुसता पत्ता होता: वायएमआर०९७सी. वाय म्हणजे यीस्ट, एम म्हणजे तेरावं गुणसूत्र, आर म्हणजे त्याची उजवी बाजू, मग क्रमांक, आणि शेवटचा सी म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कुठला ते. अजूनही "अमक्या रोगाचं जनुक सापडलं" अशी बातमी वाचली की माझी चिडचिड होते. सापडलं म्हणजे पत्ता सापडला. आत राहणारा काय करतो, ती चौकशी पुढे वर्षानुवर्षं चालते.

या वायएमआर०९७सीची चौकशी कशी झाली, ते सांगण्यासारखं आहे. त्याआधी मायटोकॉन्ड्रिया. शाळेच्या पुस्तकात यांना तंतुकणिका म्हणतात आणि पेशीचं ऊर्जाकेंद्र एवढं सांगून पुढे जातात. यीस्टची सोय अशी, की हे ऊर्जाकेंद्र बंद पडलं तरी ते मरत नाही. साखर असली की यीस्ट तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करून भागवतं, त्याला ऑक्सिजन लागत नाही. माणसाची पेशी इतकी निवांत राहू शकत नाही. पण हेच यीस्ट ग्लिसरीनवर वाढवलं, तोंड आलं की औषधाच्या दुकानातून आणतो त्याच ग्लिसरीनवर, तर मायटोकॉन्ड्रियाशिवाय गत्यंतर उरत नाही, कारण ग्लिसरीन आंबवता येत नाही, त्यासाठी श्वसनच करावं लागतं. म्हणजे दोन प्लेटा करायच्या, एक ग्लुकोजची आणि एक ग्लिसरीनची. जे यीस्ट पहिल्या प्लेटवर वाढतं आणि दुसऱ्यावर वाढत नाही, त्याच्या मायटोकॉन्ड्रियात बिघाड आहे. या एका साध्या परीक्षेवर एक अख्खं शास्त्र उभं राहिलं.

आमच्या प्रॅक्टिकलला हा प्रयोग असायचा. शेकडो वसाहती एकेक करून काडीने दुसऱ्या प्लेटवर नेणं अशक्य, म्हणून एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांची १९५२ची युक्ती वापरायची: गोल ठोकळ्यावर मखमल ताणायची, तिच्यावर प्लेट उपडी दाबायची, मग त्याच मखमलीवर नवी प्लेट दाबायची. मखमलीच्या उभ्या लवेला यीस्ट चिकटतं आणि जसंच्या तसं, त्याच जागी, नव्या प्लेटवर उतरतं. मखमल आणायला मी मंडईवरून रविवार पेठेत कापडगंजात जायची. "ब्लाउजला का मॅडम?" दुकानदार विचारायचे. मी म्हणायची, यीस्ट उचलायला. त्यावर ते काही बोलत नसत, पण सुतीच मखमल हवी म्हटल्यावर कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुनं ठाण काढायचे. सुती हवी, कारण ती ऑटोक्लेव्हमध्ये वाफवून निर्जंतुक करावी लागते. एका विद्यार्थ्याने तुळशीबागेतून चकचकीत, रंगाने सुरेख अशी नायलॉनची मखमल आणली होती. ऑटोक्लेव्हमधून तिचे आक्रसलेले कुरकुरीत पापुद्रे निघाले.

दोन दिवसांनी इन्क्युबेटरमधून प्लेटा काढल्या की ग्लुकोजच्या प्लेटवर मोठ्या, दुधी वसाहतींच्या मधेमधे काही बारक्या दिसतात आणि ग्लिसरीनच्या प्लेटवर नेमक्या त्याच जागा रिकाम्या असतात. शास्त्रात यांना पेटीट म्हणतात. १९४९ साली पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्लुकोज संपल्यावर निरोगी यीस्ट स्वतःच केलेलं अल्कोहोल श्वसनाने वापरून वाढत राहतं, पेटीटला ते जमत नाही, म्हणून ती बारकी राहते. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच जातींत शेकडा एक-दोन पेटीट आपोआप निघतात. एफ्रुसींनी ॲक्रिफ्लेव्हिन हे जंतुनाशक पिवळं रंगद्रव्य घातलं तर जवळजवळ सगळीच यीस्ट पेटीट झाली, आणि तो दोष पुढच्या पिढ्यांत मेंडेलच्या नियमांप्रमाणे उतरेना. केंद्रकाबाहेरही काहीतरी वारसा आहे, असा त्याचा अर्थ होता. १९६४ साली व्हिएन्नात गॉटफ्रीड शॅट्झ आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात डीएनए आहे हे दाखवलं, आणि ते कोडं सुटलं.

हा डीएनए फार थोडं सांगतो. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात हजाराच्या घरात वेगवेगळी प्रथिनं असतात आणि त्यांतली अवघी आठ त्याच्या स्वतःच्या डीएनएवरून आतल्या आत तयार होतात. बाकीची केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनून आत जातात. माणसात ही संख्या तेरा आहे. यीस्टच्या आठांपैकी सात ऊर्जेच्या यंत्रणेत बसतात आणि आठवं, वार-१, प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचाच एक भाग होतं. म्हणजे खऱ्या अर्थाने सात प्रथिनांसाठी मायटोकॉन्ड्रिया स्वतंत्र रायबोसोम बाळगतो. या रायबोसोमला सत्तरच्या वर प्रथिनं लागतात, वार-१ सोडलं तर ती सगळी बाहेरून येतात, आणि शिवाय ती जुळवायला मदतनीस लागतात ते वेगळेच. इतका खटाटोप सात प्रथिनांसाठी कशाला, याचं उत्तर उत्क्रांतीत आहे: मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वज स्वतंत्र जिवाणू होते. व्यवहाराच्या हिशेबाने मात्र हा घाट्याचा सौदा आहे असं माझं मत, आणि ते बदलावं असं मला अजून कुणी पटवलेलं नाही.

तर एखाद्या जनुकाचं काम कसं ओळखायचं? मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली सकाळी एखादा गाळा उघडताना बघा. चारपाच माणसं असतात. कोपऱ्यातला एकजण नेमकं काय करतो हे विचारायची सोय नसेल, तर त्याला एक दिवस घरी बसवायचं आणि काय अडतं ते पाहायचं. दुसऱ्या दिवशी गाळा बंद दिसला, तर तो माणूस महत्त्वाचा होता इतकं कळतं. पण त्याच्याकडे किल्ली होती, की तो माल आणत होता, की तराजू त्याचा होता, ते कळत नाही. आणि त्याच्या गैरहजेरीत मालकाने तराजू, वही, पाट्या सगळंच उचलून गाळा रिकामा केला असेल, तर मग काहीच कळायची आशा नाही.

मायटोकॉन्ड्रियात नेमकं हेच होतं. १९८५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अलेक्झांडर त्झागोलॉफ यांच्या गटाने दाखवलं, की आतलं प्रथिन बनवण्याचं काम थांबलं की यीस्ट आपला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएही नीट सांभाळू शकत नाही. त्याचे मोठमोठे तुकडे जातात किंवा तो सगळाच जातो. तुम्ही एक जनुक काढता आणि परीक्षा घ्यायला जाता, तर परीक्षेचा कागदच फाटलेला. पेशी ग्लिसरीनवर वाढत नाही हे खरं, पण आता ती मूळ जनुकाच्या अभावामुळे वाढत नाही की डीएनए गेल्यामुळे, हे सांगता येत नाही. त्झागोलॉफ यांच्याकडे ग्लिसरीनवर न वाढणाऱ्या यीस्टचा मोठा संग्रह होता, दोनशेच्या वर वेगवेगळ्या जनुकांचा. त्यातल्या कितीतरींची फाइल याच अडचणीपाशी येऊन थांबायची.

वायएमआर०९७सीची फाइल त्यांच्याच प्रयोगशाळेत उघडली आणि २००३ साली अंतोनी बॅरिएंतोस आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. जनुकाला नाव मिळालं एमटीजी-१. मला हा निबंध आवडतो तो त्यातल्या नकारांसाठी. पहिला प्रश्न: प्रथिन कुठे असतं? मायटोकॉन्ड्रियात, आतल्या पडद्याच्या आतल्या बाजूला, सैलसं चिकटलेलं. दुसरा: जनुक नसलं की नेमकं काय अडतं?

यासाठीची परीक्षा देखणी आहे. पेशीला सायक्लोहेक्सिमाइड नावाचं औषध देतात. त्याने बाहेरचे रायबोसोम थांबतात, मायटोकॉन्ड्रियातले चालू राहतात. मग किरणोत्सारी गंधक असलेलं मेथिओनिन घालतात. त्या काही मिनिटांत जी नवी प्रथिनं बनतील त्यांच्यातच हे मेथिओनिन जाईल, आणि ती फक्त मायटोकॉन्ड्रियातली असतील. सगळा अर्क जेलवर चालवून आकारानुसार वेगळा करतात आणि वर फिल्म ठेवतात. निरोगी यीस्टच्या रांगेत वरून खाली काळ्या पट्ट्या उमटतात: वर वार-१, खाली कॉक्स-१, मग कॉक्स-२, सायटोक्रोम बी, कॉक्स-३, एटीपी-६ आणि तळाशी बारीक दोन. ज्याने एकदा अशी फिल्म डार्करूममध्ये हातात घेतली तो तिचा क्रम विसरत नाही. पण जनुक अजिबात नसलेल्या यीस्टवर ही परीक्षा भरवशाची नाही, कारण डीएनए जाण्याचा धोका. म्हणून तापमानाला नाजूक असा बदल घडवतात: नेहमीच्या तापमानाला प्रथिन ठीकठाक, उष्णता वाढवली की ते निकामी. यीस्ट आधी सुखाने वाढू द्यायचं, डीएनए शाबूत ठेवायचा, आणि मगच तापमान चढवून पट्ट्या बघायच्या. एमटीजी-१च्या अशा यीस्टवरच्या चाचण्यांनी दोष प्रथिन बनवण्यातच आहे याला पुष्टी दिली.

बनवण्यातच, म्हणजे नेमकं कुठे? आधी डीएनएवरून आरएनए उतरतो, तो कापून नीट होतो, मग रायबोसोम जुळतो, मग प्रथिन. एमटीजी-१ नसलेल्या यीस्टमध्ये रायबोसोमचे दोन्ही आरएनए, १५एस आणि २१एस, योग्य लांबीचे, तयार सापडले. त्यामुळे आरएनए उतरवणं आणि कापणं या दोन्ही शक्यता बाद.

मग एक आडवळणाचा पुरावा आला. जनुक नसलेल्या यीस्टपैकी काही पेशी पुन्हा ग्लिसरीनवर वाढू लागल्या. दुसऱ्या कुठल्या तरी बदलाने पहिल्या उणिवेवर मात केली होती. तो बदल शोधला तर तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत, नेमका २१एस आरएनएच्या जागी निघाला. २१एस हा रायबोसोमच्या मोठ्या भागाचा कणा. मदतनीस नसताना कण्यातच थोडा बदल झाला आणि काम पुन्हा चालू झालं, तर मदतनिसाचा संबंध त्या कण्याशी किंवा त्याच्या भागाशी असणार. प्रथिनाची ठेवण जीटीपी तोडणाऱ्या प्रथिनांच्या कुळातली होती, आणि या कुळातली बरीच मंडळी रायबोसोम जुळवण्याच्या कामात असतात. निष्कर्षात त्यांनी शब्द जपून वापरले: एमटीजी-१ बहुधा रायबोसोमचा मोठा भाग जुळवण्याच्या कामात असावं.

दोन वर्षांनी, २००५ साली, याच कुळातल्या दुसऱ्या जनुकाची गोष्ट आली आणि तिच्यात आपल्याकडचं एक नाव आहे. मिशिगन विद्यापीठात जॅनिन मॅडॉक यांच्या प्रयोगशाळेत कौस्तुव दत्ता यांनी वायएचआर१६८डब्ल्यू, म्हणजे एमटीजी-२, तपासलं. पुढे ते दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसमध्ये आले. एमटीजी-२ काढलं की डीएनए जातो आणि सगळी पेटीट होतात. म्हणजे तोच जुना पेच. तोडही तीच, तापमानाला नाजूक जात. तिच्यात आतलं प्रथिननिर्माण बिघडलेलं आढळलं आणि रायबोसोमचे भागही कमी भरले. शेवटचा पुरावा मात्र एमटीजी-१च्या उलट्या दिशेने आला. २१एस आरएनएवर एक छोटी रासायनिक खूण करणारं एमआरएम-२ नावाचं प्रथिन आहे. ते नसलं की चढत्या तापमानात यीस्टचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जातो. त्या यीस्टला एमटीजी-२ जास्तीचं पुरवलं, तर हा तोटा काही प्रमाणात भरून निघाला. एका जनुकाची चौकशी २१एसमधल्या बदलापाशी पोचली, दुसऱ्याची २१एसवर खूण करणाऱ्यापाशी. दोन वेगळ्या वाटा एकाच जागी येऊन मिळाल्या की संशोधकाला जो भरवसा येतो, तो एकट्या जेलच्या फिल्मने येत नाही.

डोळ्यांनी दिसायला आणखी वेळ गेला. २०१४ साली केंब्रिजमध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातल्या रायबोसोमच्या मोठ्या भागाची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अणूंच्या पातळीवर उलगडली. रामकृष्णन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकले, आणि रायबोसोमसाठी २००९चं नोबेल त्यांना मिळालं, हे वाचकांना माहीत असेलच. पण ती पूर्ण झालेल्या भागाची रचना, त्यात मदतनीस नसतात. काम संपलं की ते निघून जातात. २०२१ साली माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातून अर्धवट जुळलेले मोठे भाग वेगळे काढून त्यांची चित्रं घेतली गेली, आणि त्यांत एमटीजी-२चा माणसातला जोडीदार कामावर बसलेला दिसला.

माणसाशी याचा संबंध काय, हा प्रश्न मला प्रत्येक वर्षी कुणीतरी विचारायचंच. मायटोकॉन्ड्रियाचा रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमचा भाऊबंद असल्याने जिवाणूंवरची काही औषधं त्यालाही लागतात. एकेकाळी विषमज्वराला सर्रास दिलं जाणारं क्लोरॅम्फेनिकॉल हे त्यांपैकीच. जास्त मात्रेत त्याने अस्थिमज्जेचं काम मंदावतं त्याचं हेच कारण. स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनांनी काही कुटुंबांत आईकडून चालत आलेली बहिरेपणाची खोड उघड होते, आणि तिचा एक बदल १९९३ साली माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत, रायबोसोमच्या आरएनएच्या जागी, १५५५व्या अक्षरापाशी सापडला. मायटोकॉन्ड्रियातल्या रायबोसोमची प्रथिनं आणि त्यांचे मदतनीस यांतल्या दोषांमुळे होणारे आजार दुर्मीळ असतात, पण जन्मतःच गंभीर असतात.

अशा बाळाच्या जनुकात एखादं अक्षर बदललेलं सापडलं, तर ते रोगाचं कारण आहे की निरुपद्रवी फरक, हे ठरवायला यीस्ट फार कामाचं. यीस्टचं जनुक काढायचं, माणसाचं घालायचं, आणि प्लेट ग्लिसरीनवर ठेवायची. निरोगी माणसाच्या जनुकाने यीस्ट तगलं आणि बाळाच्या जनुकाने तगलं नाही, तर उत्तर मिळालं. एमटीजी-१बाबत ही सोय अर्धीच आहे. २००३च्या निबंधातच नोंद आहे, की माणसाचं एमटीजी-१ यीस्टची उणीव अंशतः भरून काढतं, पूर्ण नाही. निरोगी जनुक घालूनही यीस्ट ग्लिसरीनवर रेंगाळतच वाढत असेल, तर बाळाच्या बदललेल्या जनुकाने ती वाढ आणखी किती मंदावली हे प्लेटवर मोजणं कठीण. तिथे माणसाच्या पेशी वाढवून, त्यांच्यातल्या तेरा प्रथिनांच्या पट्ट्या जेलवर मोजाव्या लागतात. त्या कामाला यीस्टपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो आणि पैसाही.